नांगरावरचा प्रेक्षक

"चाक," स्क्रीनच्या खाली अक्षरं उमटली. नुसतं एवढंच. मग थोड्या वेळाने पुन्हा, "चाकच."

"काय म्हणतोय?" कुंदावहिनींनी माझ्या खांद्यावरून मान पुढे काढली.

"भावजींना काही दिसत नाहीये. गोल चाक फिरतंय नुसतं."

"अगो, मग कर ना काहीतरी! आत्ता बोनस घेतलान तिने. तो पण गेला?"

"तो पण गेला."

समोर हाकेच्या अंतरावर मुलींचा कबड्डीचा अंतिम सामना चालला होता. वहिनींची पोटची पोर मैदानात होती आणि ही बाई मैदानाकडे पाठ करून माझ्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेली. मी म्हटलं, "वहिनी, समोर बघा की. खरीखुरी अक्षता दिसत्ये फुकटात."

तर म्हणाल्या, "तिला मी रोज बघत्ये. तो काय बघतोय ते बघू दे मला."

मी सरकले आणि त्यांना नीट बसायला जागा करून दिली.

तो म्हणजे जनार्दन भाटकर, वहिनींचे यजमान. जहाजावर सारंग, म्हणजे सगळ्या खलाशांचा मुकादम. आमच्या वेळणे बंदरात घरटी एक पुरुष जहाजावर असतो, त्यामुळे बाप घरी नसताना पोरं मोठी होण्याचं कोणाला नवल नाही. त्या दिवशी भावजींचं जहाज दुबईकडच्या फुजैरा बंदराबाहेर समुद्रात नांगर टाकून, बंदरात जायला नंबर लागायची वाट बघत उभं होतं. किनाऱ्यावरचं नेटवर्क तिथपर्यंत पोचायचं, पण कसं, तर आजारी माणूस जिना चढतो तसं. दोन पायऱ्या चढायचं आणि बसायचं.

आणि नेमका तोच सामना भावजींनी बघायला हवा होता. अक्षताची पुण्याच्या मुलींच्या क्रीडा वसतिगृहात निवड झाली होती. राहणं, खाणं, शिक्षण, खेळ, सगळं तिकडेच. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. पोरगी एका पायावर तयार, वहिनी अर्ध्या पायावर, आणि भावजी मुळीच नाही. त्यांचं एकच म्हणणं होतं: "लोकांनी वाखाणलेलं मला सांगू नका. मलाही वाखाणायचे. तालुक्याचा वाघ म्हणायचे मला, आणि आज मी जहाजाचे दोर ओढतोय. तिचा खेळ मी माझ्या डोळ्यांनी बघीन. पटला तर हो. नाही पटला तर बारावी, नर्सिंग, विषय संपला."

दुष्ट नव्हता हो माणूस. भ्यालेला होता. स्वतःचा गुडघा गेल्यावर गावात कोणी विचारलं नव्हतं, ते तो विसरला नव्हता. पण त्याने पोरीचा खेळ म्हणून कधी बघितलाच नव्हता. ती खेळायला लागल्यापासून तो सुट्टीवर यायचा तो नेमका पावसाळ्यात, मैदानात तळं झालेलं असताना.

आमचा मूळ धंदा फोटो स्टुडिओचा. लग्नं, बारशी, साखरपुडे. मग गावोगावच्या मंडळांना आपले सामने मुंबईत आणि आखातात दिसावेत अशी हौस सुटली आणि आमच्या ह्यांनी, म्हणजे नीलकंठ मयेकरांनी, थेट प्रक्षेपण सुरू केलं. हे कॅमेऱ्यामागे, मी लॅपटॉपसमोर. आता सगळं सोपं झालंय. ज्याच्या फोनला जेवढं झेपेल तेवढं चित्र त्याला आपोआप जातं. तेव्हा आम्ही ज्या वेबसाइटवरून दाखवायचो तिथे असली सोय नव्हती. मी इथून जे सोडीन तेच सगळ्यांना. भांडुपच्या पोराला त्याच्या मोठ्या टीव्हीवर आणि भावजींना जहाजाच्या डेकवर हातातल्या फोनवर, एकाच पातेल्यातली आमटी. दाट केली की एकाच्या घशाखाली उतरत नाही, पातळ केली की दुसरा नाक मुरडतो.

आणि आमच्या ह्यांना आमटी दाटच लागायची. नवा कॅमेरा घेतलेला ना! घामाचा थेंब दिसला पाहिजे म्हणे.

"अहो," मी कानाला लावलेल्या माइकवर म्हटलं. हे मैदानाच्या पलीकडे, मचाणावर उभे होते. "जरा चित्र कमी करत्ये."

"का? मस्त चाललंय की!"

"जनाभावजींना दिसत नाहीये."

"एकाला दिसत नाही म्हणून? बाकीच्यांना काय पाप लागलंय?"

"तो एक नसता तर मी आज आलेच नसते. चार वाजताच्या उन्हात बसायची मला काय हौस आहे?"

हे मात्र खरं होतं. पुरुषांचा अंतिम सामना रात्री, दिव्यांच्या झगमगाटात, बँडबाजा लावून. मुलींचा उन्हात उरकून टाकायचा. मातीवर पाणी मारलं होतं तेही सुकून गेलेलं. मंडळाचे सेक्रेटरी तात्या खेडेकर यांना मी तोंडावर विचारलं होतं, मुली काय सुकत घातलेल्या बोंबील आहेत का? तात्यांनी हसण्यावारी नेलं होतं.

तर मी पहिल्यांदा काय केलं, चित्र तेवढंच मोठं नि स्वच्छ ठेवलं, फक्त सेकंदाला जेवढी चित्रं जातात ती कमी केली. माझा हिशेब असा की कमी चित्रं गेली की भार कमी होईल, आणि बापाला पोरीचा चेहरा तरी नीट दिसेल. चेहराच बघायचा असतो ना माणसाला?

चाक थांबलं. खाली अक्षरं आली, "आली."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "आली म्हणतोय गो!"

अक्षता चढाईला निघाली. उंच नव्हती पोरगी, अंगानेही शेवग्याची शेंग, पण समोरच्या अंगणात शिरली की सात जणी मागे सरायच्या. डावीकडे झुकायची, उजवीकडे जायची. त्या चढाईत तिने एकीला हात लावला, दुसरीच्या पकडीतून घोटा सोडवला आणि मध्यरेषेवर आडवी पडली. दोन गुण. मैदानाभोवती एकच गिल्ला झाला.

भावजींचं काहीच आलं नाही. मग आलं, "चेहरा छान दिसला."

मग, "ती तिकडे होती. मग इकडे पडलेली."

मग, "मधलं काय झालं?"

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"वैजू," पुन्हा अक्षरं उमटली. "मधलंच बघायचंय मला. कबड्डी मध्ये असते."

बघा, इतकी लग्नं शूट केली मी, इतके सामने दाखवले, पण हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. लग्नात चेहरा लागतो. अंतरपाट दूर झाला की मुलीचा चेहरा आला पाहिजे, तिचं पाऊल कसं पडलं ते कोण बघतंय? खेळात उलटं. चेहरा जाऊ दे खड्ड्यात. अंग कसं वळलं, पाय कुठून निघाला आणि कुठे टेकला, हात कधी सुटला, तेच तर सगळं.

मध्यंतर झालं. मुली लिंबू चोखत सावलीला बसल्या आणि मी सगळं उलटं फिरवलं. चित्रांचा वेग पुन्हा होता तेवढा केला, आणि चित्रच लहान करून टाकलं. लहान म्हणजे किती, तर भांडुपच्या टीव्हीवर ते ताणून बघितलं की नुसते रंगाचे ठोकळे दिसावेत. आमच्या मुली केशरी ठोकळे, समोरच्या हिरवे. नाकडोळे नाहीत, पाठीवरचे नंबर नाहीत. पण हलत होते बाई! लोण्यासारखे हलत होते. अडकणं नाही, उडी नाही.

"हे काय केलंस?" कानात हे ओरडले. "अगं, मी इथे फोकस लावतोय की गवत कापतोय?"

"फोकस लावा तुम्ही. मला गरज लागली की वापरीन."

"वैजू!"

"अहो, पोरीचं आयुष्य ठरतंय तिकडे. तुमचा घामाचा थेंब पुढच्या वर्षी दाखवू."

त्यांनी कॅमेरा पुन्हा मैदानाकडे वळवला. हट्टी आहेत, पण पोरीबाळींचं काही म्हटलं की विरघळतात, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे.

मग आले तात्या. धोतराचा सोगा हातात, कपाळाला आठ्या. "मयेकरीण बाई, मुंबईहून फोनावर फोन येतायत मला. चित्र काय चिखलातून काढताय काय? आणि मागचा बोर्ड? सुवर्णपेढीवाल्यांनी स्पर्धेला पैसे दिले, त्यांचं नाव वाचता येत नाही त्यात!"

"वाचता येत नाही तर तोंडाने सांगा की तात्या. तुमच्या निवेदकाला म्हणावं, दर चढाईला पेढीचं नाव घे."

"अहो, पण असं करायचं कारण काय?"

वहिनी उठून उभ्या राहिल्या. ही बाई चारचौघांत कधी मोठ्याने बोललेली मला आठवत नाही. "कारण मी आहे तात्या. तिचा बाबा बघतोय. पहिल्यांदा बघतोय."

तात्यांनी सोगा सावरला. मग "सामना संपला की बघू," असं कोणाला तरी, बहुधा स्वतःलाच, सांगून निघून गेले. आणि खरंच, पुढच्या चढाईपासून निवेदक पेढीच्या नावाचा जप करायला लागला.

भावजींचं काय म्हणावं? ते लिहीतच नव्हते. वहिनी कासावीस. "गेला काय गो? परत अडकलं?" मी बघितलं. नव्हतं अडकलं. बघणाऱ्यांच्या यादीत नाव होतं.

"बघतायत वहिनी. बघतायत म्हणून तर लिहीत नाहीत."

मग ती बाई निवांत बसली. हात मांडीवर घेऊन, त्या केशरी ठोकळ्यांकडे बघत. मधूनच म्हणायची, "ही बघ आपली," आणि खरंच तीच असायची. मला समोर मैदानात बघून खात्री करावी लागायची, तिला नाही.

सामना शेवटच्या चढाईवर आला तेव्हा गुण बरोबरीत होते. चढाई आमची. अक्षता उठली, दोन्ही हात मातीला घासले आणि निघाली. आता गुण आणला की करंडक आपला. मैदान इतकं शांत झालं की तिचा 'कबड्डी कबड्डी' माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता.

ती सरळ खोलात शिरली, मागच्या रेषेपर्यंत. उजव्या कोपऱ्यात समोरच्यांची सगळ्यात धिप्पाड मुलगी होती. अक्षताने डावीकडे बघितलं आणि उजवा हात मागे टाकला. लागला! त्या मुलीने घोट्यावर झेप टाकली, अक्षता गर्रकन वळली, घोटा सुटला, मुलगी रेषेवर आडवी पडली, आणि अक्षता चार ढांगांत परत.

पंचांनी शिट्टी मारून गुण दिला. मी खुर्चीवरून उठून किंचाळले. वहिनी मला मिठी मारून रडायला लागल्या. आमचे हे मचाणावर नाचत होते, मचाण हलत होतं.

तेवढ्यात समोरच्या मुली पंचांभोवती गोळा झाल्या. म्हणे वळताना हिची टाच मागच्या रेषेबाहेर गेली. रेषेवरच्या पंचांना विचारलं. त्यांच्या नजरेच्या मध्ये ती धिप्पाड मुलगी आलेली, त्यांना काही दिसलं नव्हतं. पांढऱ्या फक्कीची रेघ बघावी, तर तिच्याच अंगाखाली पुसली गेलेली. मग कोणीतरी म्हणालं, लाइव्हवाल्यांकडे असेल की!

आणि सगळा लवाजमा माझ्या टेबलाशी. पुढे मुख्य पंच गुजर सर, मागे तात्या, दोन्ही संघ, त्यांच्या मागे अर्धा गाव.

"बाई, जरा मागे घ्या," गुजर सर म्हणाले.

मी घेतलं. नेमक्या जागी थांबवलं. कॅमेऱ्यात वेगळं काही साठत नव्हतं, मी सोडलेलं तेवढंच लॅपटॉपमध्ये उरायचं. सगळ्यांनी माना पुढे केल्या.

एक केशरी डाग, एक हिरवा डाग, आणि खाली मातीच्या रंगाचा तिसरा. टाच कुठली, रेघ कुठली, काही पत्ता नाही. एकेक चित्र पुढे सरकवलं, मागे आणलं. डागच.

"एवढा महागाचा कॅमेरा!" तात्यांचा आवाज चढला. "आणि ऐन वेळेला हा चिखल! एका माणसापायी, बाई, एका माणसापायी!"

  खोटं नव्हतंच ते. एका माणसापायीच केलं होतं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन. पण वहिनींचा चेहरा पांढरा पडला, आणि तो बघून मला तात्यांचं धोतर फेडावंसं वाटलं.

गुजर सरांनी चष्मा पुसला. "यात काही दिसत नाही. संशय राहिला तर मैदानावरचा निर्णय कायम. गुण दिलेला आहे, तो राहील."

आमच्या मुलींनी आरोळी ठोकली. जिंकलो! समोरची धिप्पाड मुलगी खाली बसून रडायला लागली. आणि अक्षता गर्दीतून वाट काढत पुढे, अगदी माझ्या खुर्चीजवळ आली. तोंडावर माती, घामाने तिचा चिखल झालेला. लॅपटॉपमधल्या त्या डागाकडे ती बघत राहिली.

"वैजूमावशी, बाबा आहेत अजून?"

"आहेत गो. बघतायत."

"त्यांना हे दिसलं?"

"जे चाललंय ते सगळं जातंय. कॅमेरा चालूच आहे."

तिने मान हलवली. मग वळली, गुजर सरांच्या समोर गेली आणि उजवा हात सरळ वर केला.

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. आपण बाद झालो की पंचांची वाट बघायची नाही, आपला हात आपण वर करायचा. जुने खेळाडू करायचे. आताशा कोणी करत नाही, पंच बघतील म्हणतात.

"टाच गेली होती सर," ती म्हणाली. "मला पायाला कळलं."

 मग आमची कर्णधार तिच्या अंगावर धावून गेली. "मेल्ये, तुला विचारलं होतं कोणी? दिलेला गुण होता ना!" दुसरी हुंदके देत होती.  गुजर सरांनी अक्षताकडे बघितलं, मग हिरव्या मुलींच्या बाजूला हात दाखवला आणि शिट्टी वाजवली. एका गुणाने करंडक गेला.

मी लॅपटॉपकडे बघितलं. बघणाऱ्यांच्या यादीत भावजींचं नाव नव्हतं.

वहिनींनीही बघितलं. खुर्चीवर मटकन बसल्या. "गेला," एवढंच म्हणाल्या. "हरताना बघितलंन आणि गेला. आता झालं."

"अहो, नेटवर्क गेलं असेल."

"नाही गो. मी ओळखत्ये ना त्याला. पोरीने हातातला गुण सोडलान. आता म्हणेल, हिला जगात कोण उभं करणार? संपलं पुण्याचं."

 मनातून मलाही तेच वाटत होतं.  अक्षता मैदानाच्या कडेला एकटीच बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. तिच्या संघातली एकही पोरगी तिच्याजवळ गेली नाही. आमचे हे मचाणावरून उतरले, तिच्यापाशी गेले, पाण्याची बाटली तिच्या बाजूला ठेवली आणि तिथेच उकिडवे बसले.

तोवर वहिनींचा फोन वाजला. वहिनींनी नंबर बघितला आणि फोन माझ्याच हातात कोंबला. "तू बोल. माझ्याच्याने नाही होणार."

"हॅलो, भावजी?"

पलीकडून वाऱ्याचा घोंघाट. मग आवाज आला, "वैजू, काय दळभद्री चित्र होतं गो तुझं."

"हो भावजी. ते मुद्दामच..."

"कळलं मला. जहाजावरच्या मोठ्या टीव्हीवर बघितलेत मी लखलखीत सामने. असा कधी नाही बघितला." भावजी खोकले. "माझी पोर धावताना दिसली मला. शेवटपर्यंत."

"मग मध्येच गेलात कुठे? तिने हात वर केला आणि तुम्ही गायब. अडकलं होतं का?"

"नाही. चित्र येत होतं."

"मग?"

वाऱ्याचा आवाज कमी झाला, भावजी आडोशाला सरकले असावेत. 

"मलाच दिसेना झालं," भावजी म्हणाले. "डेकवर पोरं होती सगळी. मी इंजिनरूमच्या जिन्यात जाऊन बसलो जरा."

मी फोन स्पीकरवर टाकला. वहिनींनी माझं मनगट धरलं होतं, नखं रुतत होती. मी हात करून अक्षताला बोलावलं. ती आली, मागोमाग हेही आले. पोरगी टेबलापाशी मान खाली घालून उभी राहिली, मार खायला उभी राहावी तशी.

"भावजी, अक्षता आल्ये इथे. ऐकत्ये."

"अक्षू."

"हं."

"टाच बाहेर गेली ती का गेली, कळलं तुला?"

तिने वर बघितलं. तिला बहुधा हे अपेक्षित नव्हतं. "घाईत गेली."

"घाईत नाही. वळताना अंग मागे झुकतं तुझं, सगळा भार टाचेवर टाकत्येस. मला दिसायला लागल्यापासून टाकत होतीस. मध्यंतरानंतर दुसऱ्या चढाईत बघितलं मी, पाचवीत बघितलं. मग शेवटच्या चढाईत तू वळलीस तेव्हाच म्हटलं, गेली ही बाहेर. तुझा हात वर जायच्या आधी."

"बाबा, सॉरी."

"सॉरी कसली? ऐक मी काय सांगतो ते. पंजावर वळायचं असतं. माझ्याकडून कोणी करून घेतलं नाही. ऐन तारुण्यात गुडघा गेला माझा, तो टाचेने घालवला. तुझाही जाईल." भावजींचा आवाज आता घट्ट झाला होता, खलाशांवर ओरडतात तसा. "हे वेळण्यात बसून सुटणारं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ मागे उभं राहून कोणीतरी करून घ्यायला हवं. तिकडे त्या बाई आहेत ना शिकवायला?"

"कुठे तिकडे?" अक्षता म्हणाली.

"कुठे म्हणजे? पुण्याला. पहिल्याच दिवशी त्यांना सांग, मला टाचेवरून उतरवा. विसरशील तर आईला सांग, ती बरोबर येईल पोचवायला."

पोरगी आईकडे बघायला लागली.  वहिनींनी माझं मनगट सोडलं, फोन हिसकावून घेतला आणि इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यावर ओरडल्या नसतील तेवढ्या जोरात ओरडल्या, "मेल्या, मग आधी हो म्हण ना! जीव काढलास आमचा!"

"तेच म्हणतोय की गो मी मघापासून," भावजी म्हणाले.